देवीला वाहिलेलं चांदीचं नाक

ज्या माणसाच्या नाकावर वर्षापूर्वी मोठी शस्त्रक्रिया झाली आहे, त्याच्यासाठी भेट म्हणून आरसा घेऊन जाणारा माणूस सबंध ठाणे जिल्ह्यात मी एकटाच निघालो असेन. आरसाही साधासुधा नाही, चांगला कंबरेएवढा उंच, सागवानी चौकटीचा.

माझा विचार सरळ होता. मोखाड्याला माझे मेहुणे, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे थोरले बंधू अण्णा, यांचं शिवणकामाचं दुकान आहे. त्यांच्या दुकानातला आरसा मधोमध तडकला होता आणि गिऱ्हाइकाला नवा सदरा एका खांद्यापुरताच दिसायचा. ते माझ्या लक्षात राहिलं होतं. अण्णांच्या नाकावर कॅन्सर झाला होता, तो मुंबईत काढला होता, हेही अर्थातच लक्षात होतं. पण या दोन गोष्टी माझ्या डोक्यात निरनिराळ्या खोल्यांत राहत होत्या. त्यांची गाठ पडली ती घरातून निघताना, दारात, सौ.नी "गोणपाटात काय गुंडाळलंय?" असं विचारलं तेव्हा.

मी सांगितलं. ती भिंतीला टेकली. गाडीची वेळ झाली होती, आरसा ठेवून जावा तर हात हलवत जायचं.

"देताना निदान बोलू नका काही," ती म्हणाली. मग जरा थांबून, "त्याचं तोंड नीट बघून या. तो काय सांगतो ते नको मला. तुम्ही काय बघितलंत ते येऊन सांगा."

दर चैत्रात बोहाड्याला ती स्वतः माहेरी जाते. यंदा आमची थोरली मुलगी बाळंतपणाला आलेली, घरात बारा दिवसांचं पोर, म्हणून माझी नेमणूक झाली होती. बोहाडा म्हणजे काय, हे न गेलेल्यांसाठी सांगतो. देवदेवतांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून माणसं संबळाच्या तालावर नाचत गावातून निघतात. प्रत्येक सोंगाचा मान ठरावीक घराण्याकडे असतो. शेवटच्या दिवशी सकाळी जगदंबा निघते, आणि तो मुखवटा अण्णांच्या घराण्याचा. अण्णांना मूलबाळ नाही, त्यामुळे पन्नाशी उलटली तरी अजून तेच तो घालतात.

जव्हार

वाड्याचं स्टँड सोडल्यानंतर एस.टी.त बसायला जागा मिळाली आणि गोणपाट घसरलं. पुढचा सगळा रस्ता आरसा माझ्या मांडीवर उघडा. शेजारच्या बाईंनी न विचारता त्यात कुंकू ठीक केलं. मागच्या आसनावरच्या एका गृहस्थांनी माझ्या खांद्यावरून वाकून दात तपासले. कंडक्टरने आधी आरशात स्वतःची टोपी पाहिली आणि मग सामानाचं तिकीट फाडलं. पण घाट सुरू झाला तशी मला त्या आरशाची मजा वाटू लागली. प्रत्येक वळणाला माझ्या मांडीवर डोंगर फिरत होते. चैत्रातला उघडा तांबडा डोंगर, उतारावर भाताच्या पेरणीआधी राब भाजलेले काळे चौकोन, मोहाची झाडं, खाली फुलं वेचणाऱ्या बाया. खिडकीतून जे मागे जायचं ते आरशात पुन्हा समोर यायचं.

जव्हारला उतरायचं कारण होतं. जगदंबेचा मुखवटा रंगवायला रहीमभाईंकडे गेला होता आणि तो घेऊन या, असा अण्णांचा निरोप होता. रहीमभाई सुतारकाम करतात. वडिलांच्या वेळेपासून मोखाड्याचे लाकडी मुखवटे रंगायला, डागडुजीला त्यांच्या ओसरीवर येतात. देवी खुंटीला टांगलेली होती. ताजा शेंदरी रंग, मोठे डोळे, नाकात लाकडाचीच कोरलेली नथ. रहीमभाईंनी चहा आणि खारी बिस्किटं दिली. आरसा बघून त्यांनी चौकटीच्या सांध्यांना नावं ठेवली.

मुखवटा धुतलेल्या कापडात बांधताना ते म्हणाले, "जावईबापू, आतून डाव्या अंगाला कोरून थोडं खोल केलंय. अण्णा बोलले, नाकाला लागतं."

मी म्हणालो, मुंबईच्या डॉक्टरांनी नाक जरा सढळ हाताने बनवलेलं दिसतंय. एरवी रहीमभाई माझ्या फालतू विनोदालाही हसतात. त्या दिवशी ते गाठ मारत राहिले. मला वाटलं, ऐकू गेलं नसावं, म्हणून मी तो विनोद पुन्हा एकदा सांगितला.

मोखाडा

एका काखेत आरसा आणि छातीशी देवी अशा अवस्थेत मी दुकानासमोर उतरलो. अण्णा मशीनवर होते. मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आरशाकडे. बोलायचं नाही हे ठरवून आलो होतो, म्हणून मी लगेच बोललो.

"अण्णा, हा तुमच्यासाठी नाही. गिऱ्हाइकांसाठी आहे."

आत वहिनी पदर तोंडाला लावून हसत असल्याचं दिसलं. अण्णाही हसले. "बरं केलंत दाजी. लोकांना दुसरा खांदा दिसेल आता." त्यांनी लगोलग खिळा ठोकला आणि आरसा लावला. लावताना ते बाजूला उभे होते आणि पुढचे सगळे दिवस ते त्या आरशाच्या बाजूलाच उभे राहिले, समोर कधी आले नाहीत. हे मला तेव्हा नीटनेटकेपणाचं लक्षण वाटलं.

सौ.ची आज्ञा होती म्हणून मी तोंड बघितलं. नाकाची डावी बाजू कपाळाच्या कातडीची होती. ती गोष्ट अण्णा येईल त्याला रंगवून सांगत. आधी कित्येक वर्षं नाकपुडीच्या वर एक मोत्यासारखा फोड होता. चष्म्यानं घासतंय म्हणून हळद, चुना, सगळं लावून झालं. तो फुटायचा, खपली धरायची, परत फुटायचा. शेवटी सौ. त्यांना धरून मुंबईला घेऊन गेली. तिथल्या इस्पितळात एक तरुण डॉक्टर परदेशातून नवी पद्धत शिकून आले होते. एक पातळ थर काढायचा, तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, ज्या कडेला रोग दिसेल त्याच कडेचा पुढचा थर काढायचा. तोवर पेशंट पट्टी बांधून बाहेर बाकावर बसलेला. कड स्वच्छ आली की थांबायचं. अण्णांना हे फार पसंत पडलं होतं. "उगाच कात्री चालवायची नाही," ते म्हणायचे. "बघून बघून कापायचं. कापड वाया नाही." नंतर कपाळाची कातडी वळवून खाली आणली. तिच्याबरोबर दोन-चार केसही आले होते आणि अण्णा दाढी करताना नाकाचीही करत.

बरा झालो तर चांदीचं नाक वाहीन, असा त्यांनी जगदंबेला नवस केला होता. लोक चांदीचे डोळे वाहतात, पाय वाहतात. नाक कोणी मागितलं नव्हतं, त्यामुळे सोनाराला ते घडवायला साचा नव्हता. त्याने अण्णांनाच समोर बसवून, उजव्या धड बाजूवरून ते घडवलं. सगळ्या गावाच्या साक्षीने ते देवीला वाहिलं आणि देवळात दाराशीच टांगलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. मीही जाऊन बघून आलो. अण्णांच्या जुन्या नाकाशी त्याचं चांगलं साम्य होतं.

चष्म्याच्या दांडीखाली मात्र कापसाचा बोळा होता. मी विचारलं. "नवा चष्मा आहे, रुततो," अण्णा म्हणाले. रात्री नागलीची भाकरी, उडदाचं घट्ट वरण आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. नागली, म्हणजे नाचणी, आमच्याकडे डॉक्टरने सांगितल्याशिवाय कोणी खात नाही. इथे तिच्यावाचून जेवण झालं असं वाटत नाही. मी जरा जास्तच खाल्लं आणि मनातल्या मनात सौ.ला सांगून टाकलं, तोंड ठीक आहे.

खोडाळा, सूर्यमाळ

दुसऱ्या दिवशी खोडाळ्याचा बाजार. अण्णा मशीन घेऊन बाजाराला बसतात. बाया खण घेऊन येतात, तोवर मीठ-मिरची घेतात आणि जाताना चोळी घेऊन जातात. मला चोळ्यांना हुक लावायचं काम मिळालं आणि पहिल्या दोन चोळ्यांनंतर ते काढूनही घेतलं.

लहान पोरांच्या कपड्यांत अण्णा शिवणीला माया जरा जास्त सोडतात, म्हणजे पोर वाढलं की उसवून मोठं करता येतं. हे उसवणं त्यांना चालतं. पण बसलं नाही म्हणून परत आलेलं काम त्यांना सहन होत नाही. त्या दिवशी एक माणूस सदरा घेऊन आला, काखेत तटतं म्हणाला. अण्णांनी सदरा ठेवून घेतला, नवं कापड काढलं आणि दुसरा बेतायला घेतला. तो बिचारा म्हणत होता, अहो नुसतं सैल करा. सबंध दुपार अण्णांचा चेहरा उतरलेला होता. त्यांच्या हातचं परत आलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदाच बघितलं.

बाजार उठल्यावर सूर्यमाळला एका पाड्यावर लग्नाचे कपडे पोचवायचे होते. वर चढलं की हवा एकदम बदलते. खाली अंगाची लाही होत होती आणि इथे वारा सुटलेला, झाडी दाट, सावली निळसर. पण पाणी नाही. डोंगराच्या पोटात एक झरा, त्याभोवती हंडे मांडलेले आणि बाया वाट बघत बसलेल्या. वाटी-वाटीने झरा भरायचा आणि वाटी-वाटीने हंड्यात जायचा. आमच्या ठाण्याच्या नळाला दोन तास पाणी नाही आलं तर मी नगरपालिकेला शिव्या घालतो. मी ते तिथे कोणाला सांगितलं नाही.

ज्या घरी कपडे द्यायचे होते तिथली सून, जानी, हिने आम्हाला लोटाभर पाणी दिलं. मी अर्धं प्यायलो आणि अर्ध्याचं काय करावं ते कळेना. तिच्या कडेवर वर्ष-दीड वर्षाची पोर होती, मान टाकलेली, डोळे चमकत होते. अण्णांनी पोरीच्या कपाळाला हात लावला.

"ताप आहे गं हिला. मोखाड्याला दवाखान्यात आण."

"आणते," ती म्हणाली. "बोहाड्याला येतेच मी."

उतरताना अण्णा थांबून थांबून मागे पाड्याकडे बघत होते. मी त्यांना हवेचं कौतुक सांगत होतो.

जगदंबेची सकाळ

रात्रभर निघालेली सोंगं मी बहुतेक झोपेत पाहिली. मधे एकदा जाग आली तेव्हा समोर रावण होता, मी त्याला नमस्कार केला असं वहिनी सांगतात. पण उजाडता उजाडता जगदंबा निघाली तेव्हा मी चांगला जागा होतो, कारण मला काम होतं. घरातल्या पुरुषाने सोंगाच्या मागे चालायचं आणि शेवटी आडोशाला मुखवटा उतरवायचा, अशी रीत आहे. भाऊ नाही, मुलगा नाही, म्हणून जावई.

अण्णांनी डोक्याला आणि तोंडाला जुन्या धोतराचं मऊ फडकं गुंडाळलं. ते त्यांनी स्वतःच, भिंतीकडे तोंड करून गुंडाळलं. वर मुखवटा चढला, पाठीला बांबूची प्रभावळ बांधली, हिरवं लुगडं, आणि देवळातली चांदीची सगळी अवयवमाळ गळ्यात. डोळे, पाय, हात, आणि मधोमध ते नाक. मुखवटा चढला की तो माणूस राहत नाही. त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं ते देवीशी.

हे मला सांगितलेलं होतं. तरी पहिल्याच उतारावर देवीचा पाय दगडावरून घसरला आणि मी मोठ्याने म्हणालो, "अण्णा, जपून!" संबळ थांबला. सगळ्या गावाने माझ्याकडे वळून बघितलं. देवीनेही. मग संबळ पुन्हा सुरू झाला आणि मी प्रभावळीच्या आड लपत चालू लागलो.

दारोदार देवी थांबते. बाया पायांवर पाणी घालतात, ओटी भरतात, आजारी पोरं समोर धरतात. देवी कुंकू लावते आणि पुढे जाते. वेशीजवळ जानी उभी होती. चालत आली होती. पोर तशीच मान टाकलेली. तिने पोर देवीच्या पायांशी ठेवली आणि वर मुखवट्याकडे बघून, शेजारणीशी बोलावं तशी बोलली.

"माये, मांगल्या साली पोर बरी केलीस तू. ताप परत आला. म्हणून मी बी परत आली."

एवढंच. रडली नाही, हात जोडून गयावया केली नाही. देवीने कुंकू लावायला वाकायचं, ते देवी वाकली, आणि वाकलेलीच राहिली. संबळवाल्याने एक आवर्तन जास्त वाजवलं, मग आणखी एक. मला वाटलं, अण्णांच्या कंबरेत उसण भरली. शेवटी देवीने पोरीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि उठली. वहिनी गर्दीतून जानीला दवाखान्याची वाट दाखवत होत्या.

दुकानाच्या मागच्या आडोशाला मी गाठी सोडल्या. मुखवटा जड होता. तो खाली ठेवला आणि फडकं उलगडायला घेतलं. आतल्या पदराला, डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याशी, कापड चिकटलं होतं. मी ओढलं. अण्णांनी श्वास आत घेतला. फडक्यावर रक्त होतं आणि रक्ताभोवती जुना पिवळा डाग होता, आजचा नव्हे. कपाळाची कातडी जिथे संपत होती तिथे, तिच्या काठाला, तोच मोत्यासारखा फोड, आणि मधे खळगा. तिथून तो डोळ्याच्या कडेपर्यंत गेला होता.

मी फडकं उजेडाला धरून बघितलं.

"सावित्रीला सांगू नका," अण्णा म्हणाले. सावित्री म्हणजे आमची सौ.

कधीपासून, मी विचारलं. पावसाळ्यापासून, ते म्हणाले. डॉक्टरांनी दर काही महिन्यांनी दाखवायला या म्हणून सांगितलं होतं, पहिल्या खेपेनंतर ते गेले नव्हते. मी चिडलो. मोठ्या आवाजात चिडता येत नव्हतं, बाहेर लोक होते.

"कसा जाऊ दाजी? ते नाक टांगलंय देवळात. गावाने बघितलंय. आता म्हणू, परत आलं? लोक म्हणतील देवीने काम अर्धवट केलं. तिला का कमीपणा?" जरा वेळाने ते म्हणाले, "आणि तो डॉक्टर. पोरगा आहे तो. दिवसभर उभा होता, जेवला नाही. कड स्वच्छ आली तेव्हा माझा हात हातात घेतला त्याने. त्याला जाऊन सांगू, तुझं काम परत आलं?"

मला खोडाळ्याचा सदरा आठवला. मी फडक्याची घडी घालत बसलो.

बाहेर संबळ लांब गेला. अण्णा भिंतीला टेकून बसले होते, अंगावर अजून हिरवं लुगडं, छातीवर चांदीचं नाक.

"ती परत आली, बघितलंत?" ते म्हणाले. "सरळ सांगितलं तिने. रागावली नाही. लाजली पण नाही. परत आला म्हणून परत आले."

"तुम्ही काय केलंत मग?"

"मी काय करणार? मी फक्त आत होतो. मला ऐकू आलं, एवढंच."

ते उठले आणि लुगड्याचा ओचा सावरत दुकानात गेले. मी मागोमाग. मी आणलेल्या आरशासमोर ते पहिल्यांदाच सरळ उभे राहिले. उजेडाकडे तोंड केलं, खालची पापणी बोटाने ओढली आणि कापडाचं बारीक विणकाम बघावं तसं बराच वेळ बघितलं.

"बराच पसरलाय," ते म्हणाले. "उद्याची पहिली गाडी कितीला असते?"

परत

त्या प्रवासाचं वर्णन करत नाही. वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. उशीच्या अभ्र्यावरचे डाग त्या पावसाळ्यापासून धुत होत्या, हे त्यांनी वाड्याच्या स्टँडवर चहा घेताना सांगितलं, आणि नवऱ्याने लपवलंय म्हणून आपणही लपवलं असं म्हणाल्या.

अण्णांनी डॉक्टरांची माफी मागितली. तुमचं काम बिघडवलं म्हणाले. डॉक्टरांना काही कळेचना. मग कळलं तेव्हा ते टेबलाच्या मागून उठून पुढे आले आणि अण्णांच्या शेजारी बाकावर बसले. हा रोग कधी कधी परत येतो, ते म्हणाले, कड स्वच्छ आली तरी येतो. म्हणून तर परत या म्हणतो. त्यात कोणाचं काम बिघडत नाही. तुम्ही पावसाळ्यातच आला असतात तर फार बरं झालं असतं, हे ते शेवटी म्हणाले आणि म्हणताना खाली बघत होते.

पुन्हा थर काढले. एक काढायचा, बघायचा, दुसरा काढायचा. आम्ही बाहेर बाकावर, आणि मधूनमधून पट्टी बांधलेले अण्णा आमच्यात येऊन बसायचे. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, डोळा ठेवता येणार नाही. डोळा काढल्यावर कड स्वच्छ आली. या वेळी मात्र त्यांनी कोणाचा हात हातात घेतला नाही. "आलीय स्वच्छ," म्हणाले, "पण यायचं. दर वेळी यायचं." अण्णा हो म्हणाले. सुईत दोरा आता वहिनी ओवतात. पुढच्या चैत्रात मुखवटा कोण घालणार, यावर गावात बोलणी चालू आहेत. देवळातलं नाक काढायचं का, असं अण्णांनी पुजाऱ्याला विचारलं होतं. राहू दे, तो म्हणाला, ते देवीचं आहे.

हे सगळं मी सौ.ला अगदी पहिल्यापासून, क्रमाने सांगितलं, रहीमभाईंना दोनदा सांगितलेल्या विनोदासकट. इस्पितळात ती होतीच, पण मोखाड्याचं तिला ठाऊक नव्हतं. मी काय बघितलं ते सांगायचं ठरलं होतं. ती मांडीवर नातीला घेऊन, तिच्या टाळूला तेल लावत ऐकत होती. माझं सांगून संपलं तरी तेल लावणं चालूच होतं. मला वाटलं, आता आरशाचं काढणार.

"त्या जानीच्या पोरीचा ताप उतरला का हो?" ती म्हणाली.